डबीतल्या शेळ्या

लेंड्या भरून झाल्या होत्या, गोठ्याच्या दारात राख पसरून झाली होती, चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं आणि मी करडांना एकेक करून आयांखाली सोडत होते. तुमचे भाऊ ओट्यावर बसलेले. एका पायात चप्पल, दुसरी कुत्र्याने पळवलेली, आणि हातात तो घडीचा गेम. मी म्हणाले, “आवं, भायेरच्या शेळ्या वरडायल्यात आन् तुमी त्या डबीतल्या चारायलाव!” त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “डबीतल्या शेळ्या चारा मागत न्हाईत, आन् मालकाला बोलत बी न्हाईत.” मग मी पाणी उतरवलं, ते आंघोळीला गेले आणि जाताना गेम माझ्या हातात देऊन म्हणाले, नुसता धर, बटण दाबू नको. मी ओल्या हाताने तो पदरात धरून उभी राहिले. बाकी त्या सकाळी काही झालं नाही. भाकरी केल्या, ते माळावर गेले.

वन्सं, बघा, पत्र असं मधूनच सुरू झालं आणि नमस्कार राहून गेला. आता घ्या. थोरल्या संगीता वन्संना धाकट्या भावजयीचा, सत्यभामेचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा ऑपरेशननंतर वाकतो का, की अजून पाय लांब करूनच जेवता? दाजींची साखर उतरली का, आणि उतरली असेल तर ती औषधाने उतरली की तुम्ही डबे वर ठेवले म्हणून? प्रविणला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. योगिता तेलगावला तिच्या घरी सुखात आहे, दर रविवारी फोन करते आणि मी जेवले का ते विचारते (मी जेवलेली असते, तरी ती दोनदा विचारते). शेळ्या बऱ्या आहेत. मीही बरी आहे, म्हणजे उठते, काम करते, झोपते.

फोन सोडून पत्र का लिहिते असं तुम्ही विचाराल. फोन लावला की दाजी स्पीकर लावतात, शेजारच्या बाई येऊन बसतात, मग तुम्ही रडता, मग मी रडते, आणि शेवटी दाजी पावसापाण्याचं विचारून फोन ठेवतात. जे सांगायचं ते राहतंच. शिवाय ह्यांच्या दहाव्याला तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता, तुम्ही येऊ शकला नाहीत, आणि त्या दिवशी नदीवर काय झालं ते तुम्हाला निरनिराळ्या लोकांनी निरनिराळं सांगितलं असणार. एकीने तर केजच्या बाजारात मलाच सांगितलं की गहिनीनाथ मोबाइलवर जुगार खेळत होते. जुगार नव्हता वन्सं. शेळ्या होत्या.

तुम्हाला अर्धं माहीत आहे, कारण सुरुवात तुमच्याच घरातून झाली. प्रविण शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे यायचा तेव्हा टीव्हीवर ते जपानी कार्टून लागायचं, हिंदीत बोलणारं. मोठाल्या डोळ्यांचा, तांबडं मुंडासं बांधलेला एक पोरगा, आणि त्याच्या आठ शेळ्या. त्या शेळ्यांच्या शिंगांच्या टोकांना दिवे. डोंगरापलीकडे एक गाव आहे, तिथे कायमचा अंधार, आणि या पोराने शेळ्या चारत चारत तिथवर उजेड न्यायचा. (आमच्याकडे ते कार्टून बहुतेक वेळा लोडशेडिंगमुळे अर्ध्यातच बंद पडायचं, त्यामुळे अंधाऱ्या गावाचं दुःख आम्हाला लगेच कळायचं.) प्रविण बघायचा कार्टून म्हणून. हे बघायचे परीक्षा घेतल्यासारखे. “ती मागची लंगडायली, तिचा खूर बघ म्हणावं त्याला,” असं टीव्हीला सांगायचे. आणि एकदा खरोखरच पुढच्या भागात त्या पोराने तिचा खूर बघितला. त्या दिवसापासून ह्यांच्या मनात जपानी लोकांबद्दल जो आदर बसला तो शेवटपर्यंत गेला नाही. इकडच्या कोणत्याही पुढाऱ्याबद्दल तेवढा कधी नव्हता.

मग त्या कार्टूनवरून हातात धरून खेळायचे गेम निघाले, आणि प्रविण नोकरीला लागला तेव्हा त्याने आपला जुना गेम मामाला देऊन टाकला. वहीसारखा उघडणारा, दोन काचांचा. त्यात घालायच्या नखाएवढ्या दोन चकत्या, पहिला भाग आणि दुसरा भाग. पहिला भाग आमच्या काबऱ्या शेळीने खाल्ला. (तुम्ही हसाल, पण हे तीन दिवस तिच्या मागे फिरत होते. सापडला नाही. सापडला असता तर मी तो घरात घेऊ दिला नसता.) तिसरा भाग असतो असं प्रविण म्हणाला होता, म्हणून हे बीडला गेल्यावर एका दुकानात विचारून आले. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी पाहिजे का? हे म्हणाले, न्हाई, मलाच. तेव्हा त्याने ह्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी कोणी आहे का असं विचारलं.

राहिला दुसरा भाग. तो त्यांनी किती वर्षं खेळला! माळावर शेळ्या चरायला लागल्या की बाभळीखाली बसायचं आणि डबी उघडायची. लोकांना वाटायचं हे त्यात गुंग होतात आणि शेळ्या वाऱ्यावर. तसं कधी झालं नाही. एक कान डबीत, एक कळपात. चार्जिंग संपली की मांजरसुंब्याला जाणाऱ्या कुणाच्याही गाडीत बसून धाब्यावर चार्ज करून आणायचे. तो धाबेवाला ओळखीचा, चहाचे पैसे घ्यायचा, विजेचे घ्यायचा नाही. आणि मी काय करायचे? मी चिडायचे. या घरात माणूस एकच आणि तो शेळ्यांमध्ये, बाहेर असला की त्या, आत आला की ह्या. आता मला वाटतं, जरा शेजारी बसून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण वन्सं, तेव्हा कामं होती. आता कामं तेवढीच आहेत आणि वेळ सरत नाही.

मागच्या श्रावणात कावीळ झाली आणि उतरली नाही. ते तुम्हाला माहीत आहे, ते मी लिहीत नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. पलीकडच्या लिंबावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. तुम्हाला माहीत आहे, माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि मग नातेवाइकांनी ओळखून शब्द द्यायचा असतो. झालं, सगळ्यांनी शब्द द्यायला सुरुवात केली. जावई म्हणाले, योगिताला काही कमी पडू देणार न्हाई. कावळा गप्प. मी म्हणाले, शेळ्या विकणार न्हाई. कावळ्याने मान वळवली. सरपंच म्हणाले, तुमच्या वस्तीचा रस्ता करतो. तेव्हा तर होता नव्हता तोही कावळा उडून गेला. ऊन डोक्यावर आलं. लोक पोटात काही नाही म्हणून एकमेकांकडे बघायला लागले. आणि तेवढ्यात बंकट भावजी, म्हणजे तुमचे चुलत भाऊ, शेळ्यांचे व्यापारी, ज्यांनी आयुष्यात कधी पहिल्याच शब्दाला भाव सांगितला नाही, ते पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, “गहिनीनाथ, तुजा त्यो जपानी गेम आमी पुरा करतो बे, चल ये!”

आणि कावळा आला. सरळ आला, पिंडाला शिवला, आणखी दोन घेऊन आला. बायकांनी हुंदके दिले. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या आणि जेवायला चालू लागले.

आता प्रश्न आला की शब्द दिला तो पाळायचा कोणी? दिला भावजींनी, म्हणून पहिले तेच बसले. दोन हातांत धरून, चष्मा लावून, आमच्या ओट्यावर. बाजूला दहा माणसं. अर्ध्या तासात त्यांनी त्या पोराला चार वेळा ओढ्यात पाडलं. मग गेममध्ये एक व्यापारी भेटतो, चारा विकतो, तिथे ते अडकले ते अडकलेच. मला हाक मारून सांगतात, “वैनी, ह्यो बेपारी भावच कमी करीत न्हाई! म्या उठून जायलो तरी हाक मारीना!” मी म्हणाले, भावजी, तो जपानी आहे. ते म्हणाले, “असंल, पन बेपारी हाय ना?” आणि डबी मिटून मला परत दिली. (रागाने मिटली. बिजागरीतून तेव्हापासून आवाज येतो.)

मग जोशीबुवांना विचारलं की दुसऱ्याच्या हातून झालेलं चालतं का. जोशीबुवांनी बराच विचार केला, शास्त्रात असं काही सापडत नाही हे त्यांनी मान्य केलं, पण राहिलेलं काम पत्नीने केलेलं उत्तम, असा निकाल दिला. वर्षश्राद्धाच्या आत. म्हणजे कामाला एक बाई होतीच, तिच्याकडेच आलं.

माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे. योगिताच्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले, ती पुढे गेली तशी मीही मागून गेले, आणि आता केजच्या वाचनालयातून पुस्तकं आणते. पण इंग्रजी म्हणजे खताच्या गोण्यांवरचं आणि एसटीच्या पाट्यांवरचं, अक्षराला अक्षर लावून. गेम सगळा इंग्रजीत. योगिताची शाळेतली जुनी डिक्शनरी घेतली, डबी मांडीवर, डिक्शनरी बाजूला, आणि बसले. पहिले कितीतरी दिवस मी त्या पोराला झाडावरच आदळवलं. मग लांडगा आला. मी हातातली डबी विसरून “हुर्र, हुर्र, हाऽड!” म्हणून ओरडले. शेजारच्या सत्यशीला काकू धावत आल्या, मला एकटीला ओट्यावर बघितलं आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगारा पाठवला. मी लावला. त्यांचं मन कशाला मोडा?

पण वन्सं, हळूहळू मला त्यांची चाल कळायला लागली. बटणं झिजलेली आहेत तिथे ह्यांचा अंगठा असायचा. मी माझा अंगठा तिथे ठेवते, आणि तो तिथे बरोबर बसत नाही, माझा लहान आहे. पोराला ते सावलीसावलीने चालवायचे, हे गेममध्ये काही गरजेचं नाही, पण त्यांनी जिथे जिथे तो थांबवून ठेवलेला आहे तिथे तिथे झाड आहे. मीही तसंच चालवते आता. आणि अमावस्येला डबी उघडत नाही, कारण त्या दिवशी ते कळप लांब नेत नसत. योगिता म्हणते, आई, तो गेम आहे. मी म्हणते, मग मी कुठे म्हणाले की गाय आहे?

तर एके दिवशी मी डोंगर चढून त्या अंधाऱ्या गावात पोचले. आणि बघते तर गाव अंधारं नव्हतंच. आठ घरं, त्यातली सात उजळलेली. एकेका दारात एकेक शेळी बांधलेली, शिंगांतले दिवे लागलेले. म्हणजे ह्यांनी गेम जवळजवळ संपवलाच होता, आणि तोही केव्हाच. मी एकेका शेळीजवळ गेले. जवळ गेलं की तिचं नाव येतं, आणि नाव खेळणाऱ्याने ठेवायचं असतं. पहिलीचं नाव सरपंच. दुसरीचं बंकट (हे भावजींना सांगू नका). एकीचं नाव चक्क माझ्या सासूबाईंचं, आणि तिला गावातलं सगळ्यात मोठं घर दिलेलं. एक संगीता. होय, तुम्ही. तुम्ही एका विहिरीजवळच्या घरात बांधलेल्या आहात, वन्सं, घर चांगलं आहे, अंगण आहे, रागावू नका.

आठव्या घरात अंधार. दारात एक म्हातारी बसलेली. पोराच्या मागे एकच शेळी उरलेली, पांढरी, कपाळावर टिकला. म्हातारीजवळ गेलं की ती काहीतरी विचारते आणि खाली हो आणि नाही अशी दोन बटणं येतात, ‘नाही’च्या जागी काच बोटाने घासून गेलेली. मी डिक्शनरी उघडली. एकेक शब्द शोधला, सगळे जोडले, आणि दोनदा वाचलं, कारण मला वाटलं माझी चूक झाली. ती विचारते, “सत्यभामाला इथे ठेवून जाशील का?”

चूल विझली होती.

किती वर्षं, वन्सं! आणि या माणसाने घरात मला कधी नावाने हाक मारली नाही. “अगं”, “ऐकलं का”, “योगिताची माय”. माझं नाव त्यांना नीट लिहिता येतं हेच मला माहीत नव्हतं. आणि तिथे माळावर, बाभळीखाली, ते रोज त्या म्हातारीपुढे जाऊन उभे राहायचे, ती रोज विचारायची, आणि हे रोज नाही म्हणून माघारी फिरायचे. सरपंच ठेवला, भाऊ ठेवला, आई ठेवली, बहीण ठेवली. हिला घेऊन परत डोंगर उतरायचे आणि चारत बसायचे. तो गेम त्यांना जमत नव्हता असं सगळं गाव म्हणायचं. मीही म्हणायचे.

आता अडचण अशी की वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आलं. बंकट भावजींनी गावजेवण सांगितलंय आणि वर असंही सांगितलंय की जेवणाआधी मंडपात, सगळ्यांसमोर, वैनी शेवटचं बटण दाबतील. ते मोठा पडदा लावायच्या विचारात होते, ती डबी पडद्याला जोडता येत नाही असं कळल्यावर हळहळले. मी “हो” दाबलं की आठवं घर उजळणार, गाणं वाजणार, नावं वर सरकणार आणि गेम संपणार. पांढरी शेळी त्या दारात राहणार. दिलेला शब्द पाळला जाणार. आणि माझं काय राहणार, ते मला कोणाला विचारता येत नाही. नाही म्हणावं तर लोक म्हणतील, नवऱ्याचा आत्मा हिने अडकवून ठेवला.

इथलं एवढंच. गुडघ्याला तिळाचं तेल लावा, गरम करून. दाजींना नमस्कार आणि प्रविणला आशीर्वाद सांगा.

तुमची,
सत्यभामा

ता. क. प्रविणला म्हणावं, त्या गेमचा चार्जर त्याच्या जुन्या सामानात असेल तर पाठव. इकडच्या वायरीचं तोंड ढिलं झालंय, पिनेला रबर गुंडाळून चालवते आहे. पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. चार्जरसाठी लिहिलेलं नाही. रबर गुंडाळून चांगलं चालतं. खरं असं की तुम्ही थोरली बहीण आहात, तुमचा शब्द वर्षश्राद्धाला चालतो. तुम्ही बंकट भावजींना फोन करून एवढंच म्हणा की माझ्या भावाच्या नावाने दिलेला शब्द मी बहीण म्हणून सोडवला, मंडपात काही दाबायचं नाही. कारण विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणून फोन ठेवा.

ता. क. पत्र अजून पाकिटातच आहे आणि फोनचीही गरज उरली नाही. दुपारी भावजी मंडपाचं विचारायला आले. मी डबी उघडली आणि म्हातारीपुढे नेऊन त्यांच्या हातात दिली. इंग्रजी वाक्य त्यांना कळलं नाही पण नाव त्यांनी अक्षर लावून वाचलं. मग खालची दोन बटणं बघितली. मी म्हणाले, तुमचा भाऊ रोज ह्या दुसऱ्या बटणावर बोट ठेवायचा. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “वैनी, येक सांगू? त्यो कावळा गेमला आलाच नव्हता. माज्या खिशात शेव होती. लई भूक लागलती, हळूच मूठभर तिकडं फेकली.” मी विचारलं, दहाव्याला खिशात शेव कावून होती? तर उठलेच. “असती की बेपाऱ्याच्या खिशात,” म्हणाले, आणि मंडपवाल्याला फोन करत करत गेले. मी त्या दिवशी पिंडाजवळच उभी होते, वन्सं, शेव मला दिसली नव्हती. पण भावजींनी पहिल्यांदाच घासाघीस न करता काही दिलं, मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी, पाकीट चिकटवण्याआधी. सकाळी शेळ्या घेऊन माळावर गेले, बाभळीखाली बसले, डबी उघडली. म्हातारीने विचारलं. मी “नाही” दाबलं आणि शेळ्या पाण्यावर नेल्या.